अर्थिंग

देवगडच्या बर्फ फॅक्टरीतून फोन आला,
संगणकाचे स्पीकर कण्हतात म्हणून.
फोन सुलभा तारींचा. हिशेब त्याच बघतात:
किती लाद्या गेल्या, कुठल्या ट्रॉलरची उधारी.
"दिवसाचो गप आसता रे,
रात्रीचो कण्हता मेलो."

पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.
टेबलावर दोन काळे स्पीकर,
एकाच्या जाळीत बांगड्याचा खवला अडकलेला.
बटण दाबलं.
घूंऽऽऽ
डब्यात कोंडलेल्या भुंग्यासारखा,
पण भुंगा मध्येच दम खातो.
हा खात नव्हता.

त्यांचा मोबाईल स्पीकरला टेकून होता, तो लांब सारला.
टर्रर्र टक टक, तेवढं गेलं.
घूं होता तिथेच.
संगणकाचा आवाज पार शून्यावर आणला, घूं हलला नाही.
मागची पिन उपटली, गप्प.
लावली, घूं.
तीनदा केलं हे. तिसऱ्यांदा उगाच,
गप्प होतं ते बरं वाटत होतं म्हणून.

मग कॅबिनेटच्या पत्र्याला बोट लावलं.
कोपरापर्यंत मुंग्या,
आणि घूं एक पायरी खाली उतरला,
माझ्यातून वाट काढून
जमिनीकडे निघाल्यासारखा.

"चप्पल काढलास?" त्यांनी विचारलं.
काढली होती.

टॉर्च घेऊन मागे गेलो.
जांभ्यात खणलेला खड्डा, वर फुटकं कौल,
खाली एका खेकड्याचा संसार.
हिरवी वायर. सोलली तर आतलं तांबंही हिरवं,
चिमटीत धरलं आणि भुकटी झाली.
भिंतीपल्याड कॉम्प्रेसर धडधडत होता,
बारा वर्षं ही वायर
कशालाच जोडलेली नसावी.

खाल्लं ते खाऱ्या वाऱ्यानं. मिठानं.
आणि खड्ड्यात आता घालायचं काय?
कोळसा, पाणी, आणि मीठच.
टाकीसाठी आणलेली पोती होतीच दारात,
त्यातलं अर्धं घमेलं ओतलं.
चोरालाच राखणीला बसवलं म्हणा.

नवी वायर आवळून आत आलो.
सुलभाताई खुर्चीत तशाच बसलेल्या,
उजवा कान स्पीकरकडे.
डावा कॉम्प्रेसरनं नेला, एकतीस वर्षांत.
फोनवरचं कळत नाही, म्हणून हे स्पीकर.
बटण दाबलं.
काहीच नाही.
इतकं काहीच नाही की
बाहेर लादी घसरल्याचं ऐकू आलं.

"थांब, तपासूया," म्हणाल्या,
आणि लेकीचा निरोप लावला.
रेवती, तेलाच्या जहाजावर, थर्ड इंजिनियर.
"आये, जेवलंस काय? मी आता ड्युटीवर जातंय.
हंय रात्र आसा."
आणि तिच्या बोलण्याखाली, बारीक,
सलग, दम न खाणारा
घूं.

माझा हात स्क्रूड्रायव्हरकडे गेला.
"अजून आहे थोडा. पिन बदलून बघतो."
"रवांदे," त्या म्हणाल्या. "तो बोटीचो आसा."
आणि आवाज वाढवला.
निरोप तेरा सेकंदांचा. पाच वेळा ऐकला.
मी तोवर पक्कड पुसत बसलो,
पक्कड स्वच्छच होती.

बिल केलं: वायर साडेतीन मीटर, कोळसा,
पेट्रोलचे ऐंशी.
मीठ लिहिलं नाही, ते त्यांचंच.
दारात सांगितलं, खड्ड्यात पाणी घालत जा,
आठवड्याला दोन तांबे, उन्हात चार.
सुकला की परत कण्हायला लागेल.

"अबोलीक घालतंय," म्हणाल्या,
"तेव्हा हेकाव घालीन."